फॉरमॅटनंतर ऑफिस हरवले? आधी घरातच शोधा
कॉम्प्युटर फॉरमॅट केल्यावर वर्ड आणि एक्सेल नाहीसे होतात आणि घरात एकच गोंधळ उडतो. पण पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर असे सहजासहजी हरवत नाही. हरवतो तो आपल्या मालकीचा पुरावा. तो कुठे शोधायचा व पुढे कसा जपायचा?

घरातला कॉम्प्युटर हळूहळू मंदावतो. चालू व्हायला दहा-दहा मिनिटे घेतो, मधूनच बंद पडतो, पडद्यावर नको त्या जाहिराती नाचू लागतात. शेजारपाजारचे जाणकार येऊन पाहतात व निदान करतात, "फॉरमॅट मारावा लागेल." मग दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते. "भाभीजी, चिंता मत कीजिए, सब नया कर दूँगा," असे म्हणत तो तासा-दोन तासांत सगळे पुसतो, नवे विंडोज घालून देतो आणि आपले पैसे घेऊन निघून जातो. कॉम्प्युटर पुन्हा नव्यासारखा पळू लागतो. घरातले सगळे खूश!

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकतो. मुलगी नोकरीचा अर्ज टाइप करायला बसते आणि तिच्या लक्षात येते, की वर्ड कुठेच नाही. एक्सेल नाही, पॉवरपॉइंटही नाही. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "ऑफिसची की कुठे आहे?" घरात एकमेकांकडे पाहणे सुरू होते. की म्हणजे काय, ती कुणी दिली होती, कुणी ठेवली होती, काहीच कुणाला आठवत नाही.

जयपूरच्या मानसरोवर, मालवीयनगर, वैशालीनगर अशा वसाहतींतून हा प्रसंग कुठेही घडू शकतो. नोकरीनिमित्त पुण्या-नागपूरहून येथे येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकत नाही. वरवर पाहता गोष्ट लहानशी वाटते. पण त्या एका एक्सेलच्या फाइलीत घराचा वर्षाचा हिशेब असतो, निवृत्त सासऱ्यांच्या पेन्शनची टिपणे असतात. सांगानेर वा बगरूच्या ठसेछपाईच्या चादरी आणि दुपट्टे घरबसल्या विकणाऱ्या गृहिणीची तर सारी उधारी व येणी त्यात असतात. अशा वेळी घाईघाईने पुन्हा हजारो रुपये खर्च करून ऑफिस विकत घेणे, किंवा कुणीतरी "फुकट टाकून देतो" म्हटले की मान डोलावणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

घरोघरी ऑफिस कसे आले?

एकेकाळी वर्ड आणि एक्सेल ही कचेरीतली साधने होती. मायक्रोसॉफ्टने १९९० साली विंडोजसाठी ऑफिस बाजारात आणले, तेव्हा ते सामान्य माणसाच्या घरात येईल असे फारसे कुणाला वाटले नसेल. आज मात्र दहावी-बारावीच्या मुलांपासून बचत गटाच्या सचिवांपर्यंत सर्वांना त्याची गरज भासते.

राजस्थानात ही गरज वाढण्यामागे एक पुणेरी धागाही आहे. महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजेच एमकेसीएल, ही संस्था पुण्यात सुरू झाली. तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने गावोगावच्या लोकांना माउस हातात धरायला शिकवले. त्याच धर्तीवर, एमकेसीएलच्या सहकार्याने, २००८ मध्ये जयपूरला राजस्थान नॉलेज कॉर्पोरेशन उभी राहिली व आरएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. त्याची परीक्षा कोटा येथील वर्धमान महावीर मुक्त विद्यापीठ घेते. पटवारी, कारकून अशा सरकारी पदांसाठी हे किंवा याच्या बरोबरीचे प्रमाणपत्र मागितले जाते. साहजिकच घरातल्या मुलाने, सुनेने हा कोर्स केला, की सरावासाठी घरी कॉम्प्युटर आणि त्यात ऑफिस हवेच असते.

वर्गात वर्ड, एक्सेल वापरायला शिकवतात. पण घरच्या कॉम्प्युटरमधले ऑफिस नेमके कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. फॉरमॅटनंतरची सारी रडारड याच प्रश्नापाशी येऊन थांबते.

विंडोज परत येते, ऑफिस का नाही?

अनेकांना हे कोडे पडते. विंडोज पुसले तरी ते पुन्हा आपोआप चालू होते, काही मागत नाही. मग ऑफिसचेच एवढे नखरे का?

याचे कारण साधे आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून, कंपनीने विंडोज घालून दिलेल्या कॉम्प्युटरमध्ये विंडोजची की मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठवलेली असते. डिस्क कितीही वेळा पुसा, ती की जागेवरच राहते. विंडोज पुन्हा बसवले की ते तिथूनच आपली ओळख पटवून घेते. ऑफिसची नोंद मात्र या चिपमध्ये नसते. ती एकतर आपल्याकडच्या एखाद्या कार्डावर असते किंवा मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावाने उघडलेल्या खात्यात. डिस्क पुसली तर कार्यक्रम जातो, पण कार्डावरची वा खात्यातली नोंद पुसली जात नाही. म्हणूनच शोध कॉम्प्युटरमध्ये न घेता कपाटात व ईमेलमध्ये घ्यायचा असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेल्या कागदावर जो पंचवीस अक्षरांचा क्रमांक असतो, तो बहुधा विंडोजचा असतो. तो ऑफिसच्या रकान्यात कितीही वेळा भरला तरी उपयोग होत नाही.

आपले ऑफिस कोणत्या प्रकारचे?

शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या घरात कोणत्या प्रकारचे ऑफिस होते, हे ठरवायला हवे. साधारणपणे चार शक्यता असतात.

पहिली शक्यता जुन्या सीडीची. ऑफिस २००७ किंवा २०१० डबीतून मिळत असे. डबीच्या आत वा सोबतच्या कार्डावर पाच-पाच अक्षरांचे पाच गट, अशी पंचवीस अक्षरी की छापलेली असे. ती डबी सापडली तर की सापडली. मात्र या आवृत्त्या आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. ऑफिस २००७ ला कंपनीकडून मिळणारा आधार ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि ऑफिस २०१० चा ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाला. २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे कार्यक्रम चालायचा थांबतो असे नाही, पण त्यातील उणिवा दुरुस्त करून देणारे कुणी उरत नाही.

दुसरी शक्यता नव्या लॅपटॉपसोबत आलेल्या ऑफिसची. गेल्या काही वर्षांत खरेदी केलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर 'ऑफिस होम अँड स्टुडंट' आधीच घातलेले असते. त्याला छापील की नसते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे जे खाते उघडले जाते, त्या खात्याला ते जोडले जाते. विंडोज कार्यान्वित झाल्यापासून १८० दिवसांच्या आत हे जोडून घ्यावे लागते. हे ऑफिस त्या एका यंत्रापुरते असते. दुसऱ्या लॅपटॉपवर नेता येत नाही. पण त्याच यंत्रावर फॉरमॅटनंतर ते पुन्हा बसवण्याचा हक्क आपल्याकडे राहतो आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

तिसरी शक्यता वार्षिक वर्गणीची. मायक्रोसॉफ्ट ३६५ या नावाने मिळणारी ही सोय दर वर्षी वा दर महिन्याला पैसे भरून घेतात. तिच्या कुटुंबासाठीच्या योजनेत सहा जणांपर्यंत वापर करता येतो. हिची नोंदही खात्यातच असते.

चौथी शक्यता थोडी अवघड आहे. घरात बिल नाही, कार्ड नाही, कुणाच्या ईमेलमध्ये काही नाही आणि ऑफिस मात्र पहिल्या दिवसापासून होते. असे असेल तर ते ऑफिस आपण कधी विकत घेतलेच नव्हते, असे समजावे. त्याबद्दल पुढे पाहू.

खरा प्रश्न : ईमेल कुणाचा?

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारात सारे काही एका ईमेल पत्त्यावर अवलंबून असते आणि गाडी नेमकी तिथेच अडते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने भराभर बटणे दाबून खाते उघडून दिलेले असते. पासवर्ड त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलेला असतो व ती चिठ्ठी खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते. कधी खाते मुलाच्या नावावर असते आणि मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो. कधी नवरोबांनी ते आपल्या कचेरीच्या ईमेलवर उघडलेले असते व नंतर नोकरी बदललेली असते. रोज कॉम्प्युटर वापरणारी गृहिणी मात्र त्या खात्यात कुठेच नसते.

अशा वेळी न गोंधळता क्रमाने शोध घ्यावा.

घरातील प्रत्येकाने आपापल्या ईमेलमध्ये 'मायक्रोसॉफ्ट' हा शब्द टाकून जुनी पत्रे शोधावीत. खाते उघडताना, ऑफिस जोडताना स्वागताचे वा पावतीचे पत्र आलेले असते. लॅपटॉप ज्या महिन्यात घेतला, त्या महिन्यातील पत्रे विशेष बारकाईने पाहावीत.

ईमेल आठवत नसेल तर मोबाइल नंबर वापरून पाहावा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर साइन इन करताना 'वापरकर्त्याचे नाव विसरलो' असा पर्याय असतो. तेथे खात्याला जोडलेला मोबाइल नंबर दिला, की त्यावर एक सांकेतिक आकडा येतो आणि त्या नंबराशी जोडलेली खाती समजतात. बिलावर लिहिलेला जुना नंबर घरात कुणाकडे अजून चालू आहे का, तेही पाहावे.

नवऱ्याचा, मुलाचा, दिराचा असे एकाहून अधिक पत्ते निघाले तर प्रत्येक खात्यात जाऊन 'सेवा व वर्गणी' हे पान उघडावे. ज्या खात्याला ऑफिस जोडलेले असेल, तिथे त्याचे नाव दिसते व शेजारीच 'इन्स्टॉल' हे बटण असते. ते दाबले, की आपले हरवलेले ऑफिस उतरू लागते. की विचारली जात नाही.

पासवर्ड विसरला असेल तर तो बदलून घेण्याची सोय आहे. जोडलेला मोबाइल किंवा दुसरा ईमेल हाताशी असेल तर हे काम काही मिनिटांचे. यांपैकी काहीच हाताशी नसेल आणि सुरक्षेची सगळी माहिती बदलावी लागली, तर मायक्रोसॉफ्ट सुरक्षेसाठी तीस दिवस थांबायला लावते. वाट पाहणे कंटाळवाणे खरे, पण नवे ऑफिस विकत घेण्यापेक्षा एक महिना कळ काढलेली बरी.

खाते दुकानदाराच्याच ईमेलवर उघडले गेले असल्याची शंका आली, तर पक्के बिल घेऊन दुकानात जावे. बिलावर लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि 'ऑफिससह' असा उल्लेख असेल तर आपली बाजू भक्कम होते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिलाची ही किंमत लक्षात घेतली, तर शे-दोनशे रुपये वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर लॅपटॉप घेणे किती महाग पडते ते कळेल.

येथे नावाचा एक घोळही समजून घ्यावा. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस' या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट ३६५' हे नाव पुढे आणले. त्यामुळे नव्याने विंडोज घातल्यावर त्या नावाचे चित्र पडद्यावर दिसते, लोक ते उघडतात आणि ते वर्गणी मागू लागते. आपले पूर्वीचे ऑफिस संपले, असा समज करून घेऊन लगेच पैसे भरू नयेत. आधी आपल्या खात्यात काय आहे ते पाहावे.

कागदपत्रे परत मिळतील का?

ऑफिस पुन्हा घालता येते. त्यात केलेले काम परत मिळेलच असे नाही. म्हणून फॉरमॅटनंतर फाइली गेल्याचे लक्षात आले, तर पहिली गोष्ट म्हणजे तो कॉम्प्युटर वापरणे थांबवावे.

झटपट होणाऱ्या फॉरमॅटमध्ये डिस्कवरची माहिती लगेच नष्ट होत नाही. ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी ठेवून फक्त त्यांची सूची जाळून टाकावी, तसा हा प्रकार आहे. सूची नसल्याने पुस्तक सापडत नाही, पण ते फळीवर असते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले, की मात्र जुने कायमचे जाते. म्हणून त्याच डिस्कवर नवे कार्यक्रम, गाणी, सिनेमे भरू नयेत. फोटोरेक, रेकुव्हा यांसारखे कार्यक्रम अशा फाइली शोधू शकतात. मात्र ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा पेन ड्राइव्हवरून चालवावेत व सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

ही आशा जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कबाबत अधिक असते. नव्या लॅपटॉपमधील एसएसडी पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते, त्यामुळे तेथे फाइली परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तर फॉरमॅटनंतर आशा जवळजवळ सोडावीच लागते.

कधी कधी दुरुस्तीवाल्याने डिस्क न पुसता जुन्यावरच नवे विंडोज बसवलेले असते. अशा वेळी सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज.ओल्ड' नावाचा कप्पा तयार होतो व आपल्या जुन्या फाइली त्यात सापडतात. हा कप्पा सहसा दहा दिवसांनी आपोआप काढून टाकला जातो, तेव्हा उशीर करू नये. त्याचप्रमाणे जुन्या खात्यात साइन इन केल्यावर वनड्राइव्हही उघडून पाहावे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याबरोबर पाच जीबी जागा फुकट मिळते आणि डेस्कटॉपवरची कागदपत्रे आपल्याही नकळत तेथे जमा झालेली असू शकतात.

फाइल मिळाली, पण वाचता येईना!

आपल्या भाषांत लिहिणाऱ्यांवर आणखी एक संकट ओढवते. फाइल पेन ड्राइव्हवर सुखरूप असते, वर्डही परत आलेले असते, पण फाइल उघडावी तर सगळी रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे! लोकांना वाटते व्हायरस लागला. काही जण तर ती फाइल पुसूनही टाकतात.

वस्तुतः फाइलीला काहीच झालेले नसते. राजस्थानात हिंदी टायपिंगसाठी कृतिदेव आणि देवलिस हे फाँट वर्षानुवर्षे वापरले जात आहेत. महाराष्ट्रात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम यांचा असाच वापर होत आला. या जुन्या पद्धतीत कॉम्प्युटर आत रोमन अक्षरेच साठवतो आणि फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉरमॅटमध्ये तो फाँट गेला, की मुखवटा गळून पडतो. तोच फाँट पुन्हा घातला, की 'अ' चा 'अ' दिसू लागतो. म्हणून जयपूरला माहेरची श्रीलिपीतील मराठी पत्रे आणि सासरची कृतिदेवमधील हिंदी कागदपत्रे एकाच कॉम्प्युटरवर जपणाऱ्यांनी दोन्ही फाँट वेगळे काढून ठेवलेच पाहिजेत.

यावर कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी मजकूर बदलत नाही. कृतिदेवमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात. महत्त्वाची कागदपत्रे एकदा बदलून घेतली, तर पुढच्या फॉरमॅटची धास्ती राहत नाही.

फुकटचे किती महागात पडते

आता चौथ्या प्रकाराकडे वळू. "पाचशे रुपयांत आयुष्यभराचे ऑफिस टाकून देतो," असे सांगणारे कोणत्याही शहरात भेटतात. ही बहुधा चोरीची प्रत असते. तिचे कुलूप तोडणारा जो छोटा कार्यक्रम चालवला जातो, तो चालवण्यासाठी अनेकदा व्हायरसरोधक बंद करायला सांगतात. चोराला आत घेण्यासाठी पहारेकऱ्याला सुट्टी द्यावी, तसेच हे. ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्यात असे पाहुणे घेणे शहाणपणाचे नाही.

कायदाही याकडे डोळेझाक करत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. हाच कायदा प्रामाणिक ग्राहकाची बाजूही घेतो. रीतसर घेतलेल्या कार्यक्रमाची, तो नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा त्यात आहे. तेव्हा जुन्या सीडीची प्रत काढून ठेवण्यात काही गैर नाही.

दुसरा धोका फोनवरच्या मदतनिसांचा. घाबरलेला माणूस इंटरनेटवर 'मायक्रोसॉफ्ट हेल्पलाइन' शोधतो व मिळेल तो नंबर फिरवतो. पलीकडचा माणूस गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा मागतो, मग कार्डाचा नंबर, मग ओटीपी. असे काही घडल्यास वेळ न दवडता सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा.

ऑफिस मिळालेच नाही तर?

सगळे प्रयत्न करूनही खाते सापडले नाही, तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. २०१० साली सुरू झालेले लिबरऑफिस हे पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहे. त्याला की लागत नाही, खाते लागत नाही. त्यात वर्ड व एक्सेलच्या फाइली उघडतात आणि मराठी मेनूही घेता येतात. अर्ज, पत्रे, घरखर्च, छोट्या व्यवसायाचे हिशेब यांसाठी ते पुरेसे आहे. क्वचित एखाद्या फाइलीतील तक्त्याची वा अक्षरांची मांडणी थोडी इकडेतिकडे होते, तेवढे सुधारून घ्यावे लागते. इंटरनेट चांगले असेल तर मायक्रोसॉफ्टचेच वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये मोफत वापरता येतात. आरएस-सीआयटीच्या सरावालाही त्याचा चांगला उपयोग होतो.

फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी

• फॉरमॅट खरोखरच आवश्यक आहे का ते विचारा. विंडोजमध्ये 'फाइली ठेवून रीसेट' करण्याची सोय आहे. त्यात कागदपत्रे राहतात, पण ऑफिससह बाहेरून घातलेले कार्यक्रम जातात. कोणते गेले त्याची यादी डेस्कटॉपवर मिळते.

• वर्ड उघडून 'फाइल' व मग 'अकाउंट' येथे जा. ऑफिसची आवृत्ती व ते कोणत्या ईमेलला जोडले आहे ते तेथे दिसते. त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढा.

• त्या खात्याचा पासवर्ड चालतो का, हे दुसऱ्या फोनवरून एकदा पाहा.

• कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर काढा व ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात याची खात्री करा. डेस्कटॉप आणि डाउनलोड हे दोन कप्पे लोक हमखास विसरतात.

• वापरात असलेले देवनागरी फाँट वेगळ्या कप्प्यात काढून ठेवा.

• दुरुस्तीवाल्याला आधीच विचारा, "कोणते ऑफिस घालणार? कुणाच्या नावावर?"

• काम संपल्यावर त्याच्यासमोरच वर्ड उघडून पाहा आणि मगच पैसे द्या.

एक वही कॉम्प्युटरची

एम. आय. रोडवरच्या जयंती मार्केटसारख्या बाजारात कॉम्प्युटरचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग मिळतो. आपला विसरलेला पासवर्ड मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो घरातच सांभाळावा लागतो.

गॅसचे कार्ड, विम्याची पॉलिसी, घराचा करारनामा आपण जपून ठेवतो. त्याच फाइलीत कॉम्प्युटरसाठी एक साधी वही ठेवावी. तिच्यात कॉम्प्युटर कधी व कुठून घेतला, त्याचा अनुक्रमांक, ऑफिसची आवृत्ती, ते ज्या ईमेलवर आहे तो पत्ता आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर लिहावा. मूळ बिल त्यातच चिकटवावे. त्याची शाई उडून जाते, म्हणून एक झेरॉक्सही लावावी. पासवर्ड उघडपणे लिहायचा नसेल, तर घरातल्या दोघांना तरी तो माहीत असावा. खाते घरातल्या कायम राहणाऱ्या माणसाच्या ईमेलवर असावे. हे माणूस बहुधा गृहिणीच असते, तेव्हा तिचा स्वतःचा ईमेल असणे आणि तो तिला वापरता येणे हे तर हवेच.

जयपूरचा व्यापारी दिवाळीला लाल कापडाच्या बहीखात्याची पूजा करतो. महाराष्ट्रातल्या पेढ्यांवरही लक्ष्मीपूजनाला वह्या मांडल्या जातात. आपल्या मालकीचे काय आहे, हे आपल्याच हाताने लिहून ठेवण्याची ही जुनी, शहाणी रीत आहे. तिच्यात कॉम्प्युटरच्या एका वहीची भर घातली आणि वर्षातून एकदा तिच्यातला ईमेल व मोबाइल नंबर बरोबर आहे ना, हे पाहिले, तर पुढच्या वेळी दुरुस्तीवाला "की कुठे आहे?" असे विचारेल, तेव्हा घरात कुणालाच एकमेकांकडे पाहावे लागणार नाही.